दोन हजार टोपल्या : इजिप्तच्या थडग्यांतलं रोजचं खोदकाम

इजिप्तमधल्या प्राचीन थडग्यांचं उत्खनन रोज नेमकं कसं चालतं, हे विचारणारी पत्रं विदर्भातल्या गावांमधून आली. काही पत्रांत सोन्याची चौकशी आहे. पण माती, विहीर, वाळवी, गिलावा आणि मजुरी यांच्याबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. उत्खननाचा बहुतेक दिवस याच गोष्टींत जातो, म्हणून तेच प्रश्न आधी घेतले आहेत.

थडगं सापडल्यावर तिथं रोज दिवसभर काय चालतं? आणि एकेक थडगं मोकळं करायला वर्षानुवर्षं काहून लागतात?
— शिक्षक, ता. कुही, जि. नागपूर

काम हिवाळ्याचं. लक्सॉर म्हणजे जुनं थीब्स. तिथं नाईलच्या पश्चिम काठावरच्या डोंगरांत साधारण ऑक्टोबर ते एप्रिल खोदकाम चालतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला त्याचं नवल नाही, पण तीन हजार वर्षं अंधारात राहिलेलं लाकूड त्या उन्हात आणलं तर तडकतं.

उजाडताच हजेरी होते. सहा-सातच्या सुमारास काम सुरू, साडेनऊ-दहाला न्याहारी (भाकरी, 'फूल' नावाची बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि भरपूर साखरेचा चहा), आणि दुपारी दीड-दोनला खोदकाम बंद. शुक्रवारी सुट्टी. रमजानात वेळ कमी करतात. दुपारनंतर मुक्कामाच्या घरी खापरं धुणं, चित्रं काढणं, नोंदवह्या पूर्ण करणं चालतं, आणि ते बरेचदा दिवे लागेपर्यंत पुरतं.

मजुरांच्या मुकादमाला 'रईस' म्हणतात. त्याच्या हाताखाली जाणते खोदकरी आणि त्यांच्या मागे टोपलीवाल्यांची रांग. 'तुरिया' हे तिथलं मुख्य हत्यार, आपल्या फावड्याचा सख्खा भाऊ. नाजूक जागी गवंड्याची थापी आणि ब्रश. टोपली जुन्या टायरच्या रबराची असते, तिला 'मक्तफ' म्हणतात. पूर्वी ती खजुराच्या पानांची असे. प्रत्येक पथकासोबत सरकारी पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक असतो. तो नसेल तर खोदकाम होत नाही.

आता एक थर कसा उचलतात ते पाहू. खोदकरी उकिडवा बसतो, थापीची कड जमिनीला लावतो आणि माती स्वतःकडे ओढतो, एका वेळी बोटाच्या पेरापेक्षाही कमी. हात सगळा वेळ काहीतरी ताडत असतो : माती भुसभुशीत लागते की दबलेली, करकरते की सरकते. रंग बदलला किंवा थापीचा आवाज बदलला, की तो थांबतो. तिथून पुढं नवा थर आणि नवा क्रमांक. जागा ब्रशनं साफ करतात, पावलांचे ठसे पुसतात, ऊन-सावलीचे पट्टे पडू नयेत म्हणून कापड धरतात आणि फोटो घेतात. फोटोत मापाची पट्टी, उत्तरेचा बाण आणि थराचा क्रमांक लिहिलेली पाटी हवीच. मग उंची मोजायची, १:२० प्रमाणात नकाशा काढायचा, आणि छापील तक्त्यात मातीचा रंग, घट्टपणा, तिच्यात मिसळलेले खडे-कोळसा-गवत, वरचा थर कोणता, खालचा कोणता हे भरायचं. त्यानंतरच माती टोपलीत जाते. टोपलीतून ती चाळणीवर जाते आणि चाळून झाली की ढिगाऱ्यावर.

आता वेळेचा हिशेब करा. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ८ मीटर खोल अशी थडग्यात उतरायची एक साधी, विहिरीसारखी उभी वाट धरली, तर आत १६ घनमीटर भराव आहे. खोदल्यावर माती फुगते. चौथाई वाढ धरली तर २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर. टोपलीत १० लिटर माती मावते असं धरलं तर २,००० टोपल्या भरतात. त्यातली प्रत्येक चाळायची, आणि ती कोणत्या थरातली हे कधीही सांगता आलं पाहिजे. शिवाय हा झाला फक्त उतरायचा मार्ग. खोल्या त्याच्या पुढं आहेत.

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. न्याहारीच्या आधी अर्धी भरलेली टोपली तशीच राहते आणि न्याहारीनंतर तिच्यात दुसऱ्या थराची माती पडते. चिठ्ठी पिशवीच्या फक्त बाहेर बांधली तर वाऱ्यानं उडते किंवा उन्हानं शाई फिकी होते. म्हणून दोन चिठ्ठ्या करतात, एक आत आणि एक बाहेर, आणि शक्यतो पेन्सिलनं लिहितात. क्रमांक हरवलेलं खापर घागरीचं आहे की वाडग्याचं एवढंच सांगू शकतं. ते कुणी, कधी, कशाबरोबर ठेवलं हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही, आणि ते पुन्हा खोदून काढायची सोय नाही.

ढिगारा कुठं टाकायचा हेही आधी ठरवावं लागतं. राजांच्या खोऱ्यात रामसेस सहाव्याचं थडगं कोरताना निघालेला मलबा आणि त्यावर बांधलेल्या कामगारांच्या झोपड्या यांच्याखाली तुतनखामेन या राजाच्या थडग्याचं दार दडून राहिलं. त्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ला दिसली. आजच्या खोदकऱ्यानं मात्र उद्या खोदायच्या जागेवर ढिगारा टाकला, तर तोच मलबा पुन्हा उचलण्यात एक हंगाम जातो. म्हणून ढिगाऱ्याखालची जमीन आधी तपासून घेतात.

आम्ही विहिरी खोदणारी माणसं. दहा-पंधरा मीटर खाली उतरायचं म्हणजे काय ते आम्हाले ठाऊक आहे. तिथं काठ ढासळू नये म्हणून काय करतात? हवेचं काय?
— विहीर खोदणारे मजूर, ता. काटोल, जि. नागपूर

तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे, कारण त्या कामात खरा धोका इथंच असतो.

थडग्याचं प्रार्थनागृह जमिनीच्या पातळीवर असतं आणि मृताची खोली खाली. तिथं जायला खडकात उभी वाट कोरलेली असते, विहिरीसारखीच पण चौकोनी आणि अरुंद. समोरासमोरच्या भिंतींत पाय ठेवायला खोबण्या असतात. साध्या थडग्यात ती ५ ते १० मीटर असते. कैरोजवळच्या सक्कारा इथल्या उत्तरकालीन (इजिप्तच्या राजवटींच्या शेवटच्या काळातल्या) थडग्यांत मात्र ती २०-३० मीटर खाली जाते.

खडक पक्का असेल तर काठाची काळजी नसते. ढासळतो तो तोंडापासला भाग : वाळू, खडी आणि जुन्या खोदकामांचा मलबा. कोरडी वाळू साधारण ३०-३५ अंशांच्या उतारावरच थांबते. म्हणजे वाळूत ३ मीटर खोल जायचं असेल तर प्रत्येक बाजूनं साडेचार मीटर लांब उतार ठेवावा लागतो. उभी कड ठेवली तर ती आज ना उद्या येतेच. जागा नसली की तोंडाभोवती कोरड्या दगडांची किंवा विटांची भिंत बांधतात, आणि तिच्यापासून निदान मीटरभर अंतरात टोपली किंवा दगड ठेवू देत नाहीत. वरून पडलेला मूठभर खडा दहा मीटरवर डोकं फोडतो. आतल्यांना हेल्मेट लागतंच, आणि बादली वर जात असताना ते बाजूच्या खोलीत सरकून उभे राहतात.

लक्सॉरच्या डोंगरात आणखी एक अडचण आहे. चुनखडीच्या खाली मऊ, पापुद्र्यांचा थर लागतो. तिकडे त्याला 'तफला' म्हणतात. पाणी लागलं की तो फुगतो, वाळला की भेगाळतो. आपल्या काळ्या मातीचाच स्वभाव, फरक इतकाच की इथं तिच्या अंगावर डोंगर उभा आहे. त्या वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की लोंढा येतो आणि थेट थडग्यांत उतरतो. खांबांचे तुकडे पडतात ते या फुगण्यानं. अशा खोलीत माती काढायच्या आधी लाकडी किंवा लोखंडी टेकू लावतात, कारण आतला भराव हाच कधीकधी छताचा शेवटचा आधार असतो. तो आधी काढला आणि मग टेकू शोधायला गेलं, तर छत थांबत नाही.

सक्काराच्या मोठ्या थडग्यांत जुन्या कारागिरांनीच चोरांसाठी सापळा करून ठेवला होता. सगळी वाट त्यांनी वाळूनं भरली. चोर खालून शिरला की वरची वाळू त्याच्या अंगावर वाहत राही, कितीही उपसली तरी. म्हणून आजही अशी वाट वरून, थरानं थर, पूर्ण रिकामी केल्याशिवाय खालच्या खोलीत कुणी पाय ठेवत नाही.

माती वर काढायला रहाट किंवा तुमच्या यारीसारखंच यंत्र वापरतात. त्याचं इंजिन तोंडाशी ठेवायचं नाही, कारण धुरातला विषारी वायू खाली उतरतो. हवेसाठी पंख्याला जोडलेली नळी अगदी तळापर्यंत सोडतात, कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो आणि तळाशी साचतो. गावाकडं कंदील सोडून बघतात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. ज्योत विझण्याआधीच माणसाचं डोकं जड व्हायला लागतं, आणि काही विषारी वायू कंदिलाला कळतच नाहीत. वायू मोजायचं छोटं यंत्र दोरीला बांधून आधी खाली सोडायचं, मग माणूस. आत कुणी भोवळ येऊन पडला तर तसंच उडी मारून वाचवायला जायचं नाही. आधी हवा सोडायची आणि पट्ट्याच्या दोरीनं वरून ओढायचं. दोरी आधीपासून अंगाला बांधलेली असेल तरच हे जमतं. तुमच्या विहिरींनाही हे शब्दशः लागू आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

फुटक्या खापरांचं एवढं काय करतात? आख्खं भांडं तर क्वचितच निघत असेल.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ता. देवळी, जि. वर्धा

आख्खं भांडं क्वचितच निघतं, आणि तरी सगळ्यात जास्त वेळ खापरांवरच जातो. थडगी लुटली गेली, पुन्हा वापरली गेली, नंतर काहींत माणसांनी संसार थाटला. सोनं गेलं, लाकूड जळणाला गेलं. फुटकं मडकं मात्र कुणी उचलून नेलं नाही, म्हणून थराचा काळ सांगायला तेच उरलं.

रोजच्या थैल्या क्रमानं रिकाम्या करतात. आधी मातीची जात बघतात. नाईलच्या गाळाची माती भाजल्यावर तांबूस-तपकिरी होते, आणि वाळवंटाकडची चुन्याची माती पिवळट-हिरवट. मग भाग बघतात : काठ, बूड, कान, रंगवलेला तुकडा, साधा तुकडा. प्रत्येक गटाची संख्या मोजतात आणि वजनही करतात. दोन्ही आकडे लागतात, कारण एकच मोठा रांजण शंभर तुकड्यांत फुटला तर नुसत्या संख्येवरून रांजणच रांजण होते असं वाटतं. काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर उभा धरून तोंडाचा व्यास काढतात आणि भांड्याचा उभा छेद कागदावर उतरवतात.

सगळं पाण्यात बुडवून धुणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. भाजल्यावर चढवलेला रंग पाण्यानं निघतो. शाईनं लिहिलेलं खापर असेल तर मजकूरच जातो. म्हणून आधी कोरडा ब्रश आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजू. खात्री झाली तरच पाणी.

मणी खापरांपेक्षाही जास्त सांभाळावे लागतात. निळ्या चकाकीचे, दीड-दोन मिलिमीटरचे मणी ५ मिलिमीटरच्या जाळीतून सरळ पडून जातात. मृताच्या छातीजवळची माती म्हणूनच वेगळी बांधतात आणि बारीक चाळणीनं चाळतात. दोरा कुजलेला असतो, पण मणी ओळीत पडलेले असतात. ती ओळ दिसली की चाळणी बाजूला ठेवायची. तुतनखामेनच्या वेळी अशा मण्यांवर वितळलेलं मेण ओतून सगळी माळ एकसंध उचलली होती. आता सायक्लोडोडेकेन हा मेणासारखा पदार्थ वापरतात. तो काही दिवसांनी आपोआप उडून जातो, घासून काढावा लागत नाही.

ममीला गुंडाळलेलं कापड कापसाचं का? आणि तिकडं वाळवी नाही का?
— शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

कापसाचं नाही, जवसाचं. तुमच्याकडं रब्बीत पेरतात तोच जवस. आपण तो तेलासाठी घेतो, म्हणून आपला वाण बुटका आणि फांद्यांचा. धाग्यासाठी जवस दाट पेरतात, तो उंच आणि सरळ वाढतो, आणि कापत नाहीत, मुळासकट उपटतात. इजिप्तचा प्रसिद्ध लांब धाग्याचा कापूस हे एकोणिसाव्या शतकातलं पीक. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाड-हिंगणघाटच्या आणि इजिप्तच्या कापसाला एकदमच भाव चढले होते.

वाळवी आहे, आणि जिथं पोचली तिथं तिनं चोरांपेक्षा जास्त नुकसान केलं आहे. शवपेटी वरून धड दिसते, रंग जागेवर, चेहरा जागेवर. बोट लावलं की कळतं, रंगाच्या पापुद्र्याखाली लाकूडच नाही, भुगा आहे. अशी पेटी हातानं उचलायची नाही, तिच्यावरची धूळही फुंकायची नाही. सावली करायची, खोलीचं तोंड झाकून आतला दमटपणा एकदम बदलू द्यायचा नाही. फोटो आणि मापं घ्यायची. मग पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या रंगावर लावायच्या आणि पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ अ‍ॅसिटोनमध्ये पातळ करून थेंबाथेंबानं आत जिरू द्यायची. इथं घाई नडते. अ‍ॅसिटोन गरम हवेत लगेच उडतं, राळ आत न जाता वरच राहते, चकचकीत साल धरते, आणि पुढं ती साल रंग घेऊन निघते. म्हणून हे काम सकाळच्या गारव्यात करतात आणि वरून झाकण ठेवतात. घट्ट झाल्यावर पेटीखालून फळी सरकवत नेतात, मातीसकट. खालची माती नंतर सवडीनं काढता येते.

ममी आता सोडवत नाहीत. जागेवरच क्ष-किरण यंत्र आणतात. बहुतेक वेळा मात्र अखंड ममी नसतेच. दागिन्यांसाठी चोरांनी फाडलेल्या चिंध्या आणि मिसळलेली हाडं असतात. त्यात माणसं किती, हे एकाच बाजूचं एकच हाड मोजून ठरवतात : डाव्या मांडीची सात हाडं असतील तर निदान सात माणसं. कटीच्या हाडावरून बाई की पुरुष ते कळतं, दातांवरून वय. या हाडांना नाव नसलं तरी ती कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा होती. ती पसरून ठेवून भोवती हसत फोटो काढणं चांगल्या पथकात चालत नाही.

चित्रांच्या भिंती पडक्या झाल्या की सिमेंट भरून पक्क्या का करत नाहीत?
— गवंडी, ता. पवनी, जि. भंडारा

एकेकाळी भरलं, आणि त्याचा त्रास आजही चालू आहे.

थीब्सच्या बऱ्याच थडग्यांत खडक खराब आहे, म्हणून त्यावर मातीचा गिलावा चढवला. त्यात गव्हा-जवाचं कुटार मिसळलेलं दिसतं, आपण कुडाच्या भिंतीला मिसळतो तसंच. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात आणि मग कोरड्या भिंतीवर डिंकात कालवलेले रंग. हा सगळा थर मऊ आहे आणि श्वास घेतो. सिमेंट कडक, आणि त्यातून ओल जात नाही. ओल मग बाजूची वाट धरते, म्हणजे चित्राची. तिच्याबरोबर खडकातलं आणि सिमेंटमधलं मीठ विरघळून येतं, रंगाच्या मागं सुकतं, त्याचे खडे वाढतात आणि रंग ढकलून पाडतात. भिंतीच्या बुंध्याला लोणा लागून पोपडे सुटतात ते तुम्ही रोज बघता. तिथं तेच घडतं, फक्त पोपड्यावर तीन हजार वर्षांपूर्वीचा चेहरा असतो.

नेफर्तारी राणीचं थडगं १९०४ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्ली यांनी शोधलं. मिठानं त्यातली चित्रं इतकी सुटली होती की १९८६ ते १९९२ या काळात इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यानं आणि गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटनं तिथं काम केलं. आधी हजारो कागदी पट्ट्यांनी सुटलेले तुकडे जागेवर धरून ठेवले, मग दुरुस्ती सुरू झाली.

आता भरणीला चुना, चाळलेली वाळू आणि दगडाची पूड वापरतात. मसाला मूळ गिलाव्यापेक्षा थोडा कच्चाच ठेवायचा. पुढं ताण आला तर भरणी तुटावी, चित्र तुटू नये. पोकळी आहे का ते बोटाच्या पेरानं हलकं ठोकून ऐकतात. बद्द आवाज आला की बारीक सुईनं आत पातळ मसाला सोडतात आणि मऊ गादी लावलेल्या फळीनं दाब देऊन ठेवतात. रंग सुटत असेल तर तो आधी बसवायचा, धूळ नंतर. उलटं केलं तर धुळीबरोबर चित्र ब्रशला येतं.

थडगं उघडणाऱ्याला शाप लागतो हे खरं का?
— आठवीतला विद्यार्थी, ता. चिखलदरा, जि. अमरावती

नाही. तुतनखामेनच्या थडग्याच्या खोदकामाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ला गेले ते डास चावलेली जागा दाढी करताना कापली आणि त्यातून रक्तात विष पसरलं म्हणून. ते थडगं शोधणारे आणि त्यात वर्षानुवर्षं काम करणारे हॉवर्ड कार्टर १९३९पर्यंत जगले. धोके आहेत, पण वेगळे : वटवाघळांच्या विष्ठेतली बुरशी, दगडाची बारीक धूळ, दगडाखालचा विंचू, वाळूत अंग पुरून बसलेला शिंगवाला साप. म्हणून नाका-तोंडावर चांगला मास्क, पायात बूट, आणि दगड नेहमी आपल्यापासून दूरच्या बाजूनं उचलायचा, म्हणजे खाली जे असेल ते आपल्याकडं येत नाही. मेळघाटातल्या मुलाला हे शेवटचं सांगायला नको.

मजुरांची नावं कधी पुस्तकात येतात का? आणि त्या काळी थडगं खोदणाऱ्यांना काय मिळायचं?
— रोजगार हमीच्या कामावरील महिला, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

पूर्वी फार कमी येत. लक्सॉरच्या उत्तरेला कुफ्त नावाचं गाव आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९३-९४मध्ये तिथल्या माणसांना मातीचे थर ओळखायला शिकवलं, आणि 'कुफ्ती' हे जाणत्या खोदकऱ्याचं नावच होऊन बसलं. ती विद्या बापाकडून मुलाकडं गेली, आजही अनेक रईस तिथलेच असतात. पेट्री सापडलेल्या वस्तूबद्दल मजुराला बक्षीस देत, म्हणजे तो ती गुपचूप व्यापाऱ्याला विकणार नाही. पण बक्षिसानं बाहेरची वस्तू आणून टाकण्याचा मोहही होऊ शकतो. आता चांगली पथकं मजुरांची नावं अहवालात छापतात. मातीतला फरक ज्याच्या हाताला पहिल्यांदा लागला त्याचं नाव नोंदीत असलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

राजांची थडगी कोरणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला ४ पोती गहू आणि दीड पोतं जव, त्यांच्या मापानं. दहा दिवसांचा आठवडा. रामसेस दुसऱ्याच्या ४०व्या वर्षाचा त्यांचा हजेरीपट चुनखडीच्या एका मोठ्या फरशीवर लिहिलेला आहे, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माणसाचं नाव, पुढं गैरहजेरीचे दिवस, आणि त्यांच्यावर लाल शाईत कारण : आजारी, विंचू चावला, बिअर गाळत होता, आईचं शव गुंडाळत होता. रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी धान्य वेळेवर मिळालं नाही, तेव्हा याच कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळामागं जाऊन बसले. त्याची लेखी नोंद इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर आहे. हा आपल्याला ठाऊक असलेला सगळ्यात जुना लेखी संप.

आमच्या शेतात मोठे गोटे गोल मांडल्यासारखे आहेत. बांधाजवळ चर खणताना काळी-तांबडी खापरं आणि गंजलेलं लोखंड निघालं. आता काय करावं?
— शेतकरी, ता. हिंगणा, जि. नागपूर

खोदणं आजच थांबवा, आणि मातीत अजून जे आहे ते होतं तिथंच असू द्या.

तुमच्या वर्णनावरून ती शिळावर्तुळं असण्याची शक्यता मोठी आहे. तीही थडगीच, साधारण इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली. माहुरझरीला घोड्याच्या तांब्याच्या आभूषणांसह दफनं मिळाली, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी या दोन्ही ठिकाणी खोदकाम केलं. म्हणजे तुमच्या बांधातलं गंजलेलं लोखंड इजिप्तच्या सोन्याइतकंच मोलाचं आहे.

आपल्याकडं वस्तू वेगळ्या रीतीनं टिकतात. इजिप्तमध्ये कोरडेपणानं कापड, लाकूड, कातडीही राहिली. इथं दर पावसाळ्यात माती भिजते, त्यामुळं दगड, खापर आणि गंजलेलं लोखंड एवढंच बहुधा उरतं, हाडं ठिसूळ होतात. शिवाय उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर भेगा पडतात आणि वरची वस्तू भेगेतून खाली उतरते. कालची काचेची बांगडी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खापराशेजारी सापडू शकते. भेग कुठं होती हे भिंतीच्या छेदात आधी बघितलं नाही, तर थराचा काळ चुकतो. म्हणूनच घरच्या माणसानं हौसेनं खोदू नये.

करायचं ते असं. चराचा फोटो घ्या, शेजारी हातभर काठी किंवा मीटर ठेवून. गोट्यांचा वरून कच्चा नकाशा काढा, पावलांनी मोजला तरी चालेल. निघालेली खापरं धुऊ नका, लोखंड घासू नका, त्याला तेल लावू नका. गंजाच्या आतच कापडाचा किंवा लाकडाच्या दांड्याचा ठसा राहिलेला असतो. बाहेर निघालेल्या वस्तू कोरड्या कागदात गुंडाळून, कुठून निघाल्या ते पेन्सिलनं लिहून ठेवा. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला द्या. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा गुन्हा आहे, तेव्हा भंगारवाला किंवा 'जुन्या वस्तू घेतो' म्हणणारा कुणी आला तर त्याला काहीही देऊ नका. वर्तुळावरून ट्रॅक्टर नेऊ नका, आणि या वर्षी तेवढी जागा नांगरू नका. चर उघडा राहिला तर पहिल्याच पावसात कड ढासळेल. त्यात रिकामी पोती अंथरा आणि निघालेलीच माती हलक्या हातानं परत लोटा. पोत्यांमुळं पुढं खोदायला येणाऱ्याला तुमचा चर कुठवर होता ते लगेच कळेल.